दादाच्या बोलेरोचे खण

'ऑफरोड' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो ऑफिसातल्या एका मुलाकडून. त्याच्याकडे नवी थार आहे आणि शनिवार-रविवारी तो मुद्दाम चिखल शोधायला जातो. माझा दादा मुरबाड तालुक्यात धसईला गुरांचा डॉक्टर आहे. त्याला चिखल शोधावा लागत नाही. जून ते ऑक्टोबर चिखलच त्याला फोन करून बोलावतो. आमच्याकडे ऑफरोड असं काही वेगळं नसतं, पावसाळ्यात रोडच ऑफ असतो. :-)

तर या मुलाने मला एकदा जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर ऑस्ट्रेलियातल्या गाड्या दाखवल्या. मागचं दार उघडलं की खाली दोन लांबलचक ड्रॉवर. एकात स्वयंपाकघर, दुसऱ्यात हत्यारं. मेलबर्नची एआरबी नावाची कंपनी आहे, १९७५ पासून अशा गाड्यांचं सामान करते. तिकडे दोन गावांमध्ये दिवसभराचं अंतर असतं, त्यामुळे सगळं घर मागे घेऊन निघायची पद्धत पडली. किंमत विचारली. तेवढ्यात दादाच्या गिऱ्हाइकाने एक चांगली गाभण म्हैस घेतली असती. तरी ते चित्र डोक्यातून जाईना, कारण मला दादाच्या बोलेरोची मागची बाजू माहीत होती.

ज्यांनी धसई पाहिली नाही त्यांच्यासाठी: मुरबाडहून आत सह्याद्रीच्या भिंतीकडे यायला लागलं की हे बाजाराचं गाव लागतं. २०१६ च्या डिसेंबरात, नोटाबंदीनंतर, राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून पेपरांत आलं होतं तेच. कल्याणला मला अजून कुणीतरी विचारतं, "तुमच्याकडे वडापावलासुद्धा कार्ड चालतं ना?" मी हो म्हणून टाकते. दादाची फी मात्र कॅश, कॅशलेस आणि तांदूळ अशा तिन्ही प्रकारांत येते. धसईच्या आसपास ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या आहेत, गोरखगडाच्या आणि दाऱ्या घाटाच्या पायथ्यापर्यंत. डांबर जिथे संपतं तिथून दादाचं काम सुरू होतं.

दादा परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकला. १८८६ सालचं कॉलेज. अण्णांना या सालाचा इतका अभिमान की ते आल्या-गेल्याला जणू स्वतः पायाभरणीला हजर असल्यासारखे सांगतात. अण्णा सुतार. आता वय अठ्ठ्याहत्तर. पाच-सहा वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्याच सुमाराला गावात तयार फर्निचरचं दुकान आलं, तेव्हापासून त्यांचा रंधा पडवीतल्या खुंटीला टांगलेला. कुणी काही बोललं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. काम यायचं थांबलं, एवढंच.

दादाची बोलेरो सेकंडहँड घेतलेली, पांढरी, मागे समोरासमोर दोन घडीच्या सीट असलेली. फोर बाय फोर वगैरे नाही, नुसती मागच्या चाकांवर चालते. पण उंच आहे, आणि बिघडली तर मुरबाडात कुणीही दुरुस्त करतं. मागे काय असायचं? भाजीचे प्लास्टिकचे क्रेट चार, त्यांत सलाइनच्या बाटल्या, इंजेक्शनं, गोळ्यांचे डबे. एक गोणपाट. दोरखंड. गमबूट, ज्यांचा चिखल दोरखंडाला लागलेला. लसींचा थर्मोकोलचा खोका. आणि या सगळ्यांच्या मधोमध, तंगूसने सीटच्या दांड्याला बांधलेला नायट्रोजनचा कॅन. रस्त्यावर एक मोठा दणका बसला की क्रेट एकमेकांत रिकामे व्हायचे. दादा म्हणायचा, "मला सगळं सापडतं." दिवसा सापडायचंही.

२०२३ च्या सप्टेंबरातली गोष्ट वहिनीने मला सांगितली, दादाने नाही. एका वाडीवर बचत गटाचं कर्ज काढून घेतलेली म्हैस आदल्या दिवशी व्यायली होती. संध्याकाळी बसली, ती उठेना. दुधाळ जनावराला व्यायल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत हे होतं. चीक आणि दूध एकदम सुरू होतं, रक्तातलं कॅल्शियम धडाधड खाली येतं, कान गार पडतात, मान वळवून जनावर कुशीवर टाकतं. याला दुग्धज्वर म्हणतात, पण ज्वर नावालाच, अंग उलट थंड असतं. उपाय एकच आणि जादूसारखा: कॅल्शियमची बाटली शिरेतून, हळूहळू. वेळेवर मिळाली तर जनावर तासाभरात उभं राहतं.

त्या रात्री निरोपच उशिरा आला होता. दादा पोचला तेव्हा अकरा वाजून गेले होते. दार उघडलं तर चारही क्रेट आडवे. कॅल्शियमची बाटली गोणपाटाखाली सापडली, सलाइनच्या नळीचं पाकीट फाटून आत चिखल गेलेला, दुसरं पाकीट शोधण्यात आणखी काही मिनिटं. बाटली अर्धीही गेली नव्हती तेव्हा म्हैस गेली. दादा म्हणतो, उशीर आधीच झाला होता, ती दहा मिनिटं लवकर मिळूनही काही झालं नसतं. डॉक्टर म्हणून तो बरोबरच असेल. पण वहिनी म्हणाली, पहाटे तीनला घरी येऊन त्याने अंगणातल्या दिव्याखाली अख्खी गाडी रिकामी केली, एकेक बाटली पुसली, आणि उजाडेपर्यंत तिथेच बसून राहिला. अण्णा आतून बघत होते.

दिवाळीला मी गेले तेव्हा ऑस्ट्रेलियाचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. दादा म्हणाला, "हे लोक सहलीला जातात गं." अण्णांनी मोबाईल डोळ्यांपासून हातभर लांब धरला, दोनदा बघितला आणि म्हणाले, "हे तर खण आहेत."

खणच की! आम्ही शिकलेली माणसं ड्रॉवर म्हणतो. अण्णांच्या भाषेत कपाटाचाही खण, घराचाही खण आणि आईच्या चोळीचाही खण.

काम मे महिन्यात निघालं, मला सुट्टी मिळाली तेव्हा. मी कल्याणला एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंगं काढते, त्यामुळे मी रीतसर संगणकावर प्लॅन, सेक्शन, सगळं करून प्रिंट घेऊन गेले. अण्णांनी तो कागद आदराने घडी करून खिशात ठेवला आणि एक बारीक लाकडी पट्टी घेऊन गाडीत शिरले. जिथे चाकाची कमान लागली तिथे पट्टीवर पेन्सिलीची खूण, जिथे घडीची सीट लागली तिथे दुसरी खूण, दाराच्या चौकटीची तिसरी. इंच नाही, सेंटिमीटर नाही. पुढचे दहा दिवस ते त्या पट्टीवरूनच कापत होते. नंतर मी हळूच टेपने मोजलं: पेटी अठ्ठावीस इंच रुंद, तीस इंच लांब, चौदा इंच उंच. माझ्या ड्रॉइंगमध्ये रुंदी तीस इंच होती. ती बसलीच नसती, कारण घडी केलेल्या सीटचा एक बिजागर आतल्या बाजूला येतो आणि तो मी फोटोवरून काढताना दिसला नव्हता.

सीट काढून टाकल्या असत्या तर केवढी जागा मिळाली असती! पण त्यात कायद्याची गोम आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं ५२ वं कलम, आणि त्यावर जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल: कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत नोंदणी पुस्तकाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. म्हणून आम्ही ठरवलं की गाडीला एकही नवं भोक पाडायचं नाही. सीट जागच्या जागी घडी करून उभ्या, पेटी मधल्या मोकळ्या पट्ट्यात, आणि तिला आवळायला ट्रकवाले वापरतात तसे रॅचेटचे पट्टे, गाडीत आधीपासून असलेल्या कड्यांना. पट्टे चांगले चार लावले. भरलेली पेटी मोकळी ठेवून जोरात ब्रेक मारला तर ती डॉक्टरांच्या पाठीत जाऊन बसेल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

लाकडावरून वाद झाला. अण्णांना सगळं सागाचं हवं होतं. मुरबाड-शहापूरच्या माणसाला सागाशिवाय लाकूड म्हणजे लाकूडच वाटत नाही. प्लायवूडला ते 'कागदाची थप्पी' म्हणतात. पण साग घ्यायचा म्हणजे वजन आणि पैसा, दोन्ही. शेवटी तह झाला. पेटी आणि खणांच्या बाजू १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायच्या, आयएस ७१० छापाच्या, जो पाण्यात उकळला तरी थर सुटत नाहीत. मी तो कल्याणहून पाठवला. आणि जिथे घासणार, जिथे भार येणार, तिथे साग. तो कुठून? जुन्या घराच्या माजघराच्या दाराची चौकट माळ्यावर पडली होती. आजोबांनी केलेली. अण्णांनी ती खाली उतरवली, रंधा खुंटीवरून काढला, पाजळला आणि पहिली साल काढली. वरचा काळा थर निघाला आणि आत मधासारखं लाकूड, वासासकट. आईने तेवढ्यापुरतं तांदूळ निवडायचं थांबवलं.

आता खरी कारागिरी. मी म्हटलं होतं, बाजारात बॉल बेअरिंगचे चॅनल मिळतात, पंचेचाळीस किलो उचलणारे, ते लावू. अण्णांनी एक मागवून घेतला, दोनदा ओढून बघितला, मग अंगणातली मूठभर माती आणि पेंढ्याचा चुरा त्यात टाकला आणि माझ्या हातात दिला. ओढ म्हणाले. खर्र करून अडकला. "गोठ्यात काय असतं, बाय?" एवढंच विचारलं.

म्हणून लाकडी पट्ट्यांवर सरकणारे खण, मेण घासलेले. देवघरातल्या मेणबत्त्यांची उरलेली टोकं त्यात संपली. दुसरी अडचण उताराची. वाडीवर गाडी सपाट जागी कधीच उभी नसते. उतारावर मागचं दार उघडलं की भरलेला खण आपोआप बाहेर येऊन नडगीवर बसणार. ऑस्ट्रेलियावाल्यांकडे त्याला कुलपाच्या मुठी असतात. अण्णांनी सरकपट्टीला मागच्या टोकाला एक खाच पाडली, जेमतेम पाव इंच. खण पूर्ण आत गेला की त्याचा तळ त्या खाचेत टुप्पकन बसतो. काढायचा तर आधी किंचित वर उचलायचा, मग ओढायचा. ना खिटी, ना स्प्रिंग, गंजायला काही नाही. ही युक्ती कुठे शिकलात विचारलं तर म्हणाले, "वाण्याच्या गल्ल्याला असते."

आणि तिसरी गोष्ट, जी मला कुठल्याच ड्रॉइंगमध्ये सुचली नसती. मे महिन्यात खण बसवले तेव्हा ते खुळखुळत होते. दादा चिडला, मीही. दोन्ही बाजूंना नखभर फट! अण्णा शांत. "जुलैत बोला," म्हणाले. जुलैत लाकूड फुगलं आणि खण असे बसले की जणू पेटीतच उगवले आहेत.

आत काय कसं ठेवायचं यावर मात्र अण्णांनी तोंड उघडलं नाही, ते दादाचं राज्य. मी सुचवलं, औषधांच्या प्रकाराने लावू: अँटिबायोटिक एकीकडे, सलाइन एकीकडे, जंताची औषधं एकीकडे. दादा हसला. "रात्री दोन वाजता मला औषधाचा प्रकार दिसत नाही. जनावर दिसतं." म्हणून खण प्रसंगाने लावले. डावा खण बाळंतपणाचा: वासरू ओढायच्या दोऱ्या, खांद्यापर्यंतचे मोजे, साबण, नाळेला लावायचं आयोडीन, वार न पडल्यास लागणारं, अंग बाहेर आल्यास लागणारं. उजवा खण पोटफुगी, विषबाधा, जखमा, शिवणकाम. आणि दोहोंच्या वर, पेटीच्या झाकणाखाली एक उथळ सपाट खण, त्यात फक्त बसलेल्या जनावराचं सामान. कॅल्शियमच्या चार बाटल्या, प्रत्येकीला प्लायमध्ये कापलेलं स्वतःचं भोक, शेजारी नळ्या आणि जाड सुया, डब्यात बंद. बस्स. त्या खणात दुसरं काही ठेवायचं नाही असा घरात नियम आहे. वहिनीने एकदा पावतीबुक ठेवलं तर बोलणी खाल्ली.

दादाचं नंतरचं मागणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तो म्हणाला, शिरेत सुई असते तेव्हा माझे दोन्ही हात अडकलेले असतात. सामान आणून देणारा मी नसतोच. गोठ्याची मालकीण असते, नाहीतर तिचा शाळकरी पोरगा, आणि त्यांना इंग्रजी लेबलं वाचता येत नाहीत. मग अण्णांनी मुठी रंगवल्या. बाळंतपणाची लाल, उजव्या खणाची निळी, वरची पिवळी. दरवाजाच्या तेलरंगाचे उरलेले डबे होते, त्यातलेच. बॅटरीच्या उजेडात पिवळा सगळ्यात आधी दिसतो, हे तपासायला आम्ही तिघं रात्री लाइट गेल्यावर अंगणात उभे होतो.

नायट्रोजनचा कॅन खणात नाही. कृत्रिम रेतनाच्या कांड्या उणे १९६ अंशाला द्रव नायट्रोजनमध्ये असतात. दादाकडे इंडियन ऑइलच्या नाशिकच्या कारखान्यातला तीन लिटरचा बीए-३ क्रायोकॅन आहे. तो सदैव उभाच हवा आणि त्याचं तोंड कधीही घट्ट बंद करायचं नाही, कारण एक लिटर द्रवाचा जवळजवळ सातशे लिटर वायू होतो. बंद पेटीत कोंडला तर धोका, आणि बंद गाडीत साचला तर माणूस गुदमरायची भीती. त्याच्यासाठी पेटीच्या बाजूला चौकोनी उघडा हौद केला, आत सायकलच्या ट्यूबची गादी, आणि खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची हा दुसरा नियम. लसींची पेटी पुढे, दुसऱ्या सीटच्या पायाशी, कारण तिथे ऊन लागत नाही. पावसाआधी घटसर्प आणि फऱ्याच्या लसी करायच्या असतात, त्या २ ते ८ अंशांत राहिल्या पाहिजेत. गरम झाल्या तर वाया, आणि बर्फाला चिकटून गोठल्या तरी वायाच. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचत दादा दिवस दिवस फिरत होता, थर्मोकोलच्या त्याच खोक्यासह. तेव्हा ही पेटी असती तर, असं तो एकदाच म्हणाला.

या सगळ्यात मला सारखा नाणेघाट आठवत होता. आमच्याकडून फार लांब नाही, मुरबाड-माळशेज रस्त्यावर वैशाखऱ्याजवळून वर जातात. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याचा माल त्या घाटाने जुन्नरला चढायचा, आणि सातवाहनांचा शिलालेख अजून तिथल्या गुहेत आहे. जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण पाहायला सगळे जातात. मला मात्र बैलांच्या पाठीवरच्या गोण्या दिसतात. दोन्ही बाजूंना सारखं वजन, जड ते खाली, लागणारं ते वर, आणि उतारावर काही सुटून पडणार नाही अशी बांधणी. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, बैल बरा, त्याला पंक्चर नाही.

२०२४ च्या जुलैत एका शनिवारी मी धसईला होते. रात्री साडेनऊला फोन आला, दादा निघाला, मीही मागे लागले. पाऊस असा की वायपर नुसता हात हलवत होता. शेवटचा तुकडा गाडी ओढ्याच्या गोट्यांवरून गेली. मी मागून येणारा तो ओळखीचा खडखडाट ऐकायला कान लावून बसले होते. नुसता पट्ट्यांचा करकर आवाज.

गोठ्यात संकरित गाय होती, दुसऱ्या वेताची, सकाळी व्यायलेली. मान कुशीवर. कान मी हात लावून पाहिले, माठासारखे गार. मालकीण माझ्याएवढीच असेल, काही बोलत नव्हती, नुसती गायीच्या पाठीवरून हात फिरवत होती. वासरू कोपऱ्यात उभं. दादाने मानेची शीर धरली आणि मान न वळवता ओरडला, "पिवळी मूठ! उचल आणि ओढ!" मी उठेपर्यंत तिचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा पावसात धावत गेलाही होता. बाटली, नळी, सुईचा डबा, सगळं छातीशी धरून परत. मी बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात धरली, मग दादाने ती माझ्या हातात उंच धरायला दिली. कॅल्शियम जोरात गेलं तर हृदय थांबतं, म्हणून तो एका हाताने नळी चिमटीत धरून दुसऱ्या हाताने छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकत होता. माझा दंड भरून आला. बाटली संपायला आली तशी गायीच्या अंगावर बारीक थरथर आली, मांड्यांपासून वर. मग तिने मोठी ढेकर दिली. मग शेण टाकलं. दादा हसला. शेण पाहून एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. उरलेली एक बाटली त्याने कातडीखाली दिली. पाऊण तासाने गाय मागच्या पायांवर जोर देऊन, एकदा बसून, दुसऱ्यांदा उभी राहिली आणि तडक वासराकडे गेली.

त्या बाईने आम्हाला कोरा चहा दिला. मुलगा तोवर गाडीशी जाऊन खण उघड-मीट करत होता. उचल, ओढ, ढकल, टुप्प.

घरी आलो तेव्हा अण्णा जागे होते. गायीबद्दल त्यांनी विचारलं, पण आधी विचारलं, "आत पाणी गेलं का?" गेलं होतं, दाराच्या रबरातून थोडं, डाव्या कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिथे तिरकी पट्टी मारून पाणी बाहेर काढून दिलं.

पेटी बाहेर काढायला दोन माणसं आणि दहा मिनिटं लागतात. लग्नसराईत ती पडवीत येते, घडीच्या सीट खाली होतात आणि आमचे नातेवाईक कोंबले जातात. (मंडळी, पुढच्या वेळी सीटखाली चिवड्याचा चुरा सापडला तर दादा नावं जाहीर करणार आहे.) दादाच्या कॉलेजातल्या दोन मित्रांनी, एक शहापूरकडचा आणि एक जव्हारचा, ड्रॉइंग मागितलं. मी पाठवायला निघाले होते, दुरुस्त केलेलं, अठ्ठावीस इंचाचं. अण्णांनी अडवलं. म्हणाले, प्रत्येक गाडीचा बिजागर वेगळा असतो, त्यांना म्हणावं गाडी घेऊन या.

जव्हारवाला येत्या मेमध्ये येतोय. अण्णांनी त्याच्यासाठी नवी पट्टी तासून ठेवली आहे.